सुंभ आणि पीळ

जून महिना सरता सरता वसईतील आमच्या घराच्या कुंपणाची उत्तरेकडील भिंत हिरवी होऊ लागते. उन्हाळाभर ती करडी, पोपडे सुटलेली, कोणाचे लक्षही जाऊ नये अशी असते. मृगाच्या चार सरी कोसळल्या की सिमेंटच्या भेगांतून एक हिरवी रेघ उमटते आणि श्रावण येईतो सबंध भिंतीवर मखमल अंथरली जाते. आमची आजी हयात होती तेव्हा तिला या मखमलीचे मुळीच कौतुक नव्हते. विहिरीभोवतालची फरशी ती दर शनिवारी काथ्याने घासून काढी आणि आम्हा नातवंडांना बजावी, "शेवाळावर पाय ठेवू नका, पडाल." बावखलातील पाण्यावर तरंगणारे, पायऱ्यांवर बुळबुळणारे, कौलांवर गादीसारखे पसरणारे, आंब्याच्या खोडाला बिलगलेले असे जे जे हिरवे, ते ते तिच्या लेखी शेवाळ.

पुढे वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी झालो तेव्हा आजीच्या या सरसकट वर्गवारीचे आम्हाला हसू येई. ते हसू किती उथळ होते हे कळावयास बराच काळ जावा लागला. ऑक्सफर्ड येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या योहान याकोब डिलेनियस यांनी १७४१ साली 'हिस्टोरिया मस्कोरम' हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील ८५ चित्रफलक त्यांनी स्वतः रेखाटले व स्वतःच कोरले. या विद्वत्तापूर्ण ग्रंथात मॉसच्या शेजारी पाण्यातील शैवले आहेत, खडकावरील दगडफूल आहे आणि नेच्यांच्या गोत्रातील काही वनस्पतीही आहेत. ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांची टोपली आणि आमच्या आजीची टोपली यांत आकाराचा फरक फारसा नव्हता. फरक होता तो पाहण्याच्या चिकाटीचा. आजीने ते हिरवे घासून टाकले, डिलेनियस यांनी ते वर्षानुवर्षे न्याहाळले. आम्ही स्वतः या दोघांपैकी कोणाच्या जवळचे, हा प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहे.

ज्या वनस्पतीविषयी लिहावयाचे आहे तिचा परिचय आधी करून देतो. पाण्यातील शेवाळ निराळे आणि ओल्या मातीवर, भिंतीवर इवल्याशा पानांची गादी घालणारे मॉस निराळे. मॉसला फूल नाही, फळ नाही, बी नाही, खरे मूळदेखील नाही. मुळांसारखे बारीक तंतू तिला जमिनीशी धरून ठेवतात आणि पाणी ती सर्वांगाने पिते. जगात मॉसच्या सुमारे १२,००० जाती आहेत असे मानले जाते. त्यांपैकी विज्ञान शाखेच्या भारतीय विद्यार्थ्याला हमखास भेटणारी जाती एकच, ती म्हणजे फ्युनेरिया हायग्रोमेट्रिका. कुंड्यांतील माती, खणलेल्या जमिनी, रस्त्यांच्या कडा, जुन्या भिंतींचे पाय अशा उघड्या पडलेल्या जागी ती जगात जवळजवळ सर्वत्र आढळते. आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावरही ती आहे.

आम्ही १९७६ पासून पस्तीस वर्षे एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविले. फ्युनेरिया आमच्या हातून इतक्या वेळा शिकविली गेली की झोपेतून उठविले असते तरी तिची आकृती आम्ही फळ्यावर काढली असती. खाली पानांचा झुबका, मधून वर गेलेला सरळ देठ, देठाच्या टोकाला मान वाकवून लोंबणारी नासपतीच्या आकाराची डबी. वर्गात दाखविण्यासाठी फॉर्मॅलिनमध्ये बुडविलेला एक नमुना असे. त्याचा हिरवा रंग केव्हाच उडून गेलेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यासाठी दुकानातून आणलेल्या तयार स्लाइड्स असत. हे झाले की धडा संपला. जिवंत फ्युनेरिया हातात घेऊन आम्ही एकदाही पाहिली नव्हती. याची खंत वाटावी असे तेव्हा आम्हाला वाटतही नव्हते. अभ्यासक्रमात जिवंत फ्युनेरिया नव्हती, फ्युनेरियाची आकृती होती.

डिसेंबर १९८७ मध्ये आम्ही विद्यार्थ्यांची सहल घेऊन महाबळेश्वरला गेलो होतो. वर्गात एक अबोल मुलगी होती. घरी केळीची आणि पानवेलींची बाग, शालेय शिक्षण मराठी माध्यमातून, त्यामुळे इंग्रजीतून उत्तर द्यायची वेळ आली की ती खाली पाहत असे. एके दिवशी सकाळी सारी मुले पुढे निघून गेली तरी ही मागे राहिली. पाहतो तो रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून जमिनीकडे तोंड नेऊन ती फुंकर घालीत होती. आम्ही हाक मारली तेव्हा ती उत्साहाने म्हणाली, "सर, हे बघा ना, हे हलतं. फुंकर घातली की गिरकी घेतं."

आम्हाला पुढचा थांबा गाठावयाचा होता. "वाऱ्याने हलत असेल. घे थोडं पाकिटात आणि चल," एवढेच आम्ही म्हणालो. वाकून पाहिले नाही. मॉसचे नमुने कागदाची घडी घालून केलेल्या पाकिटात ठेवावयाचे असतात. तिने वहीच्या पानाचे पाकीट केले, त्यावर काही लिहिले आणि सहलीहून परतल्यावर इतरांच्या पाकिटांबरोबर ते आमच्या टेबलावर ठेवले. ती सारी पाकिटे आम्ही बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात टाकली, सवडीने ओळख पटवू म्हणून. ती सवड मिळाली नाही.

जानेवारीत चाचणी परीक्षा झाली. फ्युनेरियाची आकृती काढावयाची होती. या मुलीच्या आकृतीत देठ सरळ नव्हता. दोरीला असतात तशा तिरक्या रेघा तिने देठावर काढल्या होत्या आणि बाणाच्या टोकाशी नाव दिले होते, 'पीळ'. आम्ही तांबड्या शाईने त्याभोवती वर्तुळ काढले, 'पुस्तकातील आकृती पाहावी' असा शेरा लिहिला आणि दोन गुण कापले. उत्तरपत्रिका परत दिली तेव्हा तिने ती पाहिली, घडी करून वहीत ठेवली आणि काही बोलली नाही. आम्हीही तो प्रसंग विसरून गेलो.

२०११ साली आम्ही निवृत्त झालो. महाविद्यालयातील कपाट रिकामे करताना जुन्या टिपणांबरोबर ते खोकेही घरी आले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात एका दुपारी, टाकून देण्यापूर्वी एकदा पाहावे म्हणून, आम्ही ते उघडले. बरीच पाकिटे कसरीने खाल्ली होती. एक शाबूत होते. त्यावर शाळकरी वळणाच्या अक्षरात लिहिले होते, 'महाबळेश्वर, डिसेंबर १९८७. फुंकर घातल्यास हलते.'

आत तपकिरी रंगाची चिमूटभर गादी होती आणि तिच्यातून केसांएवढे बारीक देठ वर आले होते. प्रत्येक देठ सुंभासारखा वळलेला. भिंग डोळ्याला लावले, ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब देठाच्या पायाशी सोडला आणि जे दिसले त्याने आमचा हात थांबला. चोवीस वर्षे कागदात पडून राहिलेला तो मृत देठ हळूहळू उलगडू लागला. त्याच्या टोकाची डबी एक गिरकी घेऊन दुसऱ्या दिशेस वळली. थेंब टिपून घेतला, देठ वाळला, तसा पुन्हा पीळ भरला आणि डबी पुन्हा फिरली. या हालचालीला जीव लागत नाही. देठाच्या पेशींच्या भिंती ओल शोषून फुगतात, वाळल्या की आकसतात, आणि हे फुगणे-आकसणे सर्व बाजूंनी सारखे नसल्यामुळे देठ पिळला जातो वा उलगडतो. श्वासातील दमटपणादेखील त्याला पुरतो. ती मुलगी वाऱ्याचे हलणे पाहत नव्हती. तिने आपल्या श्वासाने एक प्रयोग केला होता आणि त्याचे फळ इमानेइतबारे आकृतीत उतरविले होते.

त्या आठवड्यातील रविवारी, मिस्सानंतर, आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध फादरांना गाठले. ते सेमिनरीत लॅटिन शिकले होते. 'फ्युनेरिया' या शब्दात काय दडले आहे असे विचारताच ते क्षणात उत्तरले, "फ्युनिस म्हणजे दोर. आपला सुंभ." आणि हायग्रोमेट्रिका? त्याचा अर्थ आम्हाला ठाऊक असावयास हवा होता. ओल मोजणारी. पस्तीस वर्षे आम्ही वर्गात हे नाव उच्चारीत होतो. 'ओल मोजणारा सुंभ' असे त्या नावातच लिहिलेले होते आणि देठाला पीळ असतो हे लिहिणाऱ्या मुलीचे गुण आम्ही कापले होते.

तेव्हापासून हे नाव कोणी, कसे दिले याचा शोध घेण्याचा आम्हाला छंद लागला. कार्ल लिनियस यांनी १७५३ च्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात हिला 'म्नियम हायग्रोमेट्रिकम' असे नाव दिले होते. म्हणजे ओल मोजण्याचा हा गुण त्यांच्याही ध्यानी आला होता. मात्र मॉसचा संसार कसा चालतो हे त्यांना उमगले नव्हते. फुले नसलेल्या साऱ्या वनस्पती त्यांनी 'गुप्त विवाह' अशा अर्थाच्या एका वर्गात घातल्या आणि मॉसची डबी हा फुलातल्यासारखा परागकोश आहे असे समजून वर्णन केले. वनस्पतींना नावे देण्याची पद्धत ज्यांनी घालून दिली त्यांची ही चूक होती. ती सुधारली एका वैद्याने.

योहान हेडविग यांचा जन्म १७३० साली ट्रान्सिल्व्हानियात, आज रुमानियात असलेल्या ब्राशोव्ह या गावी झाला. लाइपझिग येथे वैद्यकी शिकून त्यांनी केम्निट्झ या गावी व्यवसाय केला. सकाळी कामापूर्वी ते मॉस गोळा करीत आणि संध्याकाळी रोग्यांतून मोकळे झाले की सूक्ष्मदर्शकाशी बसत. पानांच्या झुबक्यात लपलेले नर आणि मादी अवयव त्यांनी ओळखले, पाहिले तसे रेखाटले आणि १७८२ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतून डबीचे खरे स्वरूप उलगडून दाखविले. ती परागकोश नसून संयोगानंतर जन्मास येणारी पुढची पिढी होती, आणि तिच्यातील पूड म्हणजे पराग नसून नव्या मॉसची बीजुके होती. पुढे ते लाइपझिग येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १७९९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचा मुख्य ग्रंथ अप्रकाशित होता. त्यांचे शिष्य श्वेग्रिखेन यांनी तो १८०१ साली प्रसिद्ध केला. आज मॉसच्या नावांची अधिकृत गणना १ जानेवारी १८०१ पासून, याच ग्रंथापासून, सुरू होते. अपवाद केवळ स्फॅग्नम या दलदलीतील मॉसच्या कुलाचा. आमच्या मॉसचे पूर्ण नाव लिहिताना अखेरीस 'हेडव.' अशी जी अक्षरे लिहितात ती या वैद्याची सही आहे. त्याने पाहिले, म्हणून त्याचे नाव.

हेडविग यांनी मॉसची वर्गवारी करताना सर्वांत अधिक भर डबीच्या तोंडावर दिला. त्यांच्या पावलावर पाऊल टाकून आम्हीही एकदा खऱ्या फ्युनेरियाचे वर्णन, पुस्तक मिटून, करून पाहिले. ते येथे देतो.

झाड म्हणावे असे जे हिरवे अंग आहे ते जेमतेम सेंटिमीटरभर उंच. पाने अंडाकृती, टोकदार, मधोमध एक शीर. शेंड्याशी ती एकमेकांवर मिटून कांद्याच्या कोंबासारखी दिसतात. एकाच झाडाच्या एका फांदीवर नर अवयव व दुसरीवर मादी अवयव असतात. पावसाचे वा दवाचे पाणी साचले की त्यातून पोहत नरपेशी अंड्याकडे जातात. पाण्यावाचून हा विवाह होत नाही. त्यातून जन्मणारे अपत्य आईला सोडून जात नाही. आईच्या शेंड्यात पाय रोवून ते तिच्याकडून अन्नपाणी घेते आणि दोन ते पाच सेंटिमीटर लांबीचा देठ उंचावते. देठाच्या टोकाची डबी थोडी वाकडी, एका बाजूस फुगीर, कोवळेपणी हिरवी, पिकल्यावर तपकिरी आणि सुरकुतलेली.

कोवळ्या डबीवर लांब चोचीची एक टोपी असते. ही टोपी अपत्याची नव्हे, आईची असते. अंडे ज्या कुपीत होते तिचाच वरचा भाग तुटून अपत्याच्या डोक्यावर राहतो. आम्ही वर्गात तिचे नाव सांगून पुढे जात असू. २०१२ व २०१३ साली जेसिका बडके व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून, नेमक्या याच जातीवर केलेल्या प्रयोगांतून, असे दिसून आले की या टोपीवर मेणचट आवरण असते आणि अपत्याचे स्वतःचे आवरण तयार होण्याआधीच ते तयार झालेले असते. ते काढून टाकले आणि हवा कोरडी असली की अपत्याची वाढ खुंटते. भर उन्हात लेकराच्या डोक्यावर पदर धरणारी आई आपण बाजारात रोज पाहतो. तोच पदर या मॉसमध्ये होता. हेडविग यांच्या ग्रंथानंतर दोन शतके उलटून गेल्यावर तो कोणाच्या तरी ध्यानी आला.

टोपी गळाली की डबीचे झाकण दिसते. पेशींच्या एका कड्याने ते बसविलेले असते. कडे सुटले की झाकण पडते आणि दातांच्या दोन ओळी उघड्या होतात, बाहेर १६ व आत १६. बाहेरचे दात एका बाजूस कलून चक्राकार वळलेले असतात आणि त्यांची टोके मध्यभागी एका इवल्या चकतीला जोडलेली असतात. हवा दमट असली की हे दात मिटून बसतात. हवा कोरडी झाली की त्यांच्यामध्ये फटी पडतात. इकडे देठ पिळला जाऊन डबी फिरते, हेलकावते, आणि फटींतून बीजुके थोडी थोडी वाऱ्यावर जातात. पावसात ती बाहेर टाकली तर जागच्या जागी चिखलात बसतील. म्हणून ओल मोजावयाची. त्या मुलीने काढलेला पीळ ही आकृतीवरची सजावट नव्हती. या वनस्पतीच्या प्रवासाची सारी गुरुकिल्ली त्यात होती.

वर्गवारीचे कामही अजून चालूच आहे. फ्युनेरियाच्याच कुलात पूर्वी फिस्कोमिट्रेला म्हणून ओळखले जाणारे एक मॉस आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत ते वाढविले जाते आणि त्याचा संपूर्ण जनुकसंच २००८ साली प्रसिद्ध झाला. त्याचा देठ असून नसल्यासारखा, आणि डबीला दात तर नाहीतच. केवळ तोंड पाहून नाते ठरविणारा माणूस या दोघांना जवळचे म्हणणार नाही. आनुवंशिक द्रव्य मात्र सांगते की ही एकाच घरातली मंडळी आहेत. त्या मॉसचे नावही आता बदलून फिस्कोमिट्रियम असे झाले आहे. २०१७ साली जपानमधील संशोधकांनी दाखविले की आमच्या फ्युनेरियाचे कोवळे तंतू पाण्यातील शिसे विलक्षण प्रमाणात शोषून घेतात, आपल्या कोरड्या वजनाच्या ७४ टक्क्यांपर्यंत. आम्ही 'पूर्ण' म्हणून शिकविलेली आकृती किती अपुरी होती, हे दरवर्षी नव्याने कळत गेले.

हे सारे वाचणे सोपे होते. अवघड होते ते दुसरेच. ती मुलगी कोठे राहते हे शोधणे आमच्या वसईत मुळीच कठीण नव्हते. शेजारच्या धर्मग्रामात ती लग्न होऊन गेली होती, शाळेत विज्ञान शिकवीत होती, आणि वर्षातून एखाद्या लग्नाला वा सणाला दुरून दिसतही असे. तरीही पाकीट सापडल्यापासून सात वर्षे आम्ही तिच्याशी बोललो नाही. इतक्या जुन्या, इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी कशाला जावयाचे, दोन गुणांचे काय एवढे, तिच्या स्मरणात तरी असेल काय, अशी कारणे मन पुरवीत राहिले. खरे कारण ही कारणे नव्हती.

२०१८ च्या मे महिन्यात एका लग्नाच्या मांडवात ती समोरच आली. "सर, बरे आहात ना?" असे म्हणून तिने वाकून नमस्कार केला. आम्ही तिला बाजूच्या खुर्चीवर बसविले आणि सारे सांगून टाकले. पाकीट, पाण्याचा थेंब, तांबडे वर्तुळ. ती शांतपणे ऐकत होती. आम्हाला वाटले, ती हसेल आणि 'जाऊ द्या हो सर' म्हणेल. ती हसली नाही.

"दोन गुणांचं मला काही वाटलं नव्हतं, सर," ती म्हणाली. "पण त्यानंतर मी दिसेल ते काढणं सोडलं. पुस्तकात असेल तेवढंच काढायचं, असं ठरवलं. आणि पंचवीस वर्षं माझ्या वर्गातल्या मुलांनाही तेच सांगत आले."

मांडवात बँड वाजत होता. आम्हाला काही सुचेना. शिक्षकाची चूक एका उत्तरपत्रिकेत संपत नाही. मॉसच्या एका डबीतून निघालेली बीजुके कोठवर जातात याचा हिशेब जसा कोणी ठेवू शकत नाही, तसा तिचाही ठेवता येत नाही. "आमची चूक झाली," एवढेच आम्ही म्हणालो. ती उठून गेली नाही, हा तिचा मोठेपणा.

नंतर एका दुपारी ती घरी आली. आम्ही तिच्यापुढे ते पाकीट ठेवले. आम्ही ते नव्या, जाड कागदात घातले होते आणि वनस्पतिसंग्रहात लावतात तशी चिठ्ठी स्वच्छ अक्षरात लिहून डकविली होती. वर शास्त्रीय नाव, खाली 'महाबळेश्वर, जमिनीवर', मग महिना व साल. तिने चिठ्ठी वाचली, भिंगातून आत पाहिले आणि म्हणाली, "सर, जमिनीवर नाही. जळलेल्या जमिनीवर. तिथे रस्त्याच्या मजुरांनी चूल मांडली असणार. आजूबाजूला कोळसे होते. म्हणूनच तर मी थांबले. सगळीकडे गवत होतं आणि त्या काळ्या गोलातच तेवढं हे उगवलं होतं."

आम्ही त्या जागी उभे होतो. आम्हाला कोळसे आठवेनात, कारण आम्ही ते पाहिलेच नव्हते. ती गेल्यावर आम्ही ग्रंथ उघडले. फ्युनेरियाच्या वसतिस्थानाचे वर्णन करताना जळलेल्या जागांचा उल्लेख ठिकठिकाणी होता. शेकोटीच्या जागा, कोळशाच्या भट्ट्या, वणव्याने उजाड झालेले उतार. राखेतील क्षार तिला मानवतात आणि तिच्याशी स्पर्धा करणारे दुसरे कोणी तेथे उरलेले नसते. म्हणून आग विझून गेलेल्या काळ्या जमिनीवर ती आधी येते आणि तिला हिरवी करते. दोन-चार वर्षांत गवत, झुडपे परतली की ती तेथून नाहीशी होते आणि तिची बीजुके नव्या उजाड जागेच्या शोधात गेलेली असतात. आमच्या वाचनात हे पूर्वीही येऊन गेले असणार. डोळ्यांनी वाचले, ध्यानात राहिले नाही.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. सारे गमावल्यावरही ज्याचा ताठा उतरत नाही त्याच्याविषयी ती वापरतात. फ्युनेरियाची ओळख होईपर्यंत त्या म्हणीचा एवढा एकच अर्थ आम्हाला ठाऊक होता. जळलेल्या जमिनीवर पीळ घेऊन उगवणारी ही वनस्पती पाहिली आणि म्हणीचे दुसरे टोक हाती आले. एक पीळ ओल लागताच उलगडतो आणि बीजुकांना वाट करून देतो. दुसरा पीळ माणसाचा. तो पस्तीस वर्षे वर्गात राहिला, निवृत्तीनंतर सात वर्षे घरी राहिला, आणि त्याला उलगडावयास एका विद्यार्थिनीचे दोन वाक्यांचे उत्तर लागले.

तिने आपल्या शाळेत आता एक नेम सुरू केला आहे. पावसाळ्यात प्रत्येक मुलाने शाळेच्या भिंतीचा वीतभर तुकडा निवडावयाचा, आणि पुस्तक न उघडता, दिसेल ते दर आठवड्याला काढावयाचे. त्यांतील काही वह्या तिने आम्हाला पाहावयास दिल्या. पुष्कळ आकृत्या वेड्यावाकड्या आहेत. एका मुलाने मॉसच्या गादीत फिरणारा एक किडा काढला आहे. त्याचे नाव आम्हाला सांगता आले नाही. आम्ही तसे वहीत लिहून दिले. तांबडी शाई आम्ही आता वापरीत नाही.

आमच्या भिंतीवर फ्युनेरिया नाही, दुसरीच एक जाती आहे. ती ओळखण्याचा प्रयत्न चालू आहे आणि तोवर ती घासून काढू नये असे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे. विहिरीची फरशी मात्र आम्हीही आजीप्रमाणे घासतो, कारण पाय घसरतो हे तिचे निरीक्षण अगदी बरोबर होते.

पाकिटावरची चिठ्ठी आम्ही पुन्हा लिहिली. ती अशी: 'फ्युनेरिया हायग्रोमेट्रिका हेडव. महाबळेश्वर, जळलेल्या जमिनीवर, डिसेंबर १९८७. फुंकर घातल्यास हलते.' त्याखाली 'संग्राहक' असे लिहून पुढे तिचे नाव घातले आहे. फुंकरीचे वाक्य तिचे आहे. त्यात आम्ही काना-मात्रेचाही फरक केलेला नाही.